टीम बिल्डिंगचा मुळशी पॅटर्न

*सगळ्यांच्या हातात वाद्यं दिली की टीम आपोआप ‘बांधली’ जाते, असा एचआरचा लाडका फंडा आहे. हिंजवडीतल्या आमच्या टीमने आधी रिसॉर्टवर जेंबे बडवला, मग नदीपात्रात ढोल. दोन्हीत धम्माल होती. फरक नंतर कळला...*

हिंजवडी कुठल्या तालुक्यात येते? आमच्या फ्लोअरवर एकदा सहज विचारून पाहिलं. ‘हवेली!’, ‘पिंपरी-चिंचवड!’ आणि एका दिल्लीकराचं, ‘तालुका म्हणजे?’ उत्तर आहे मुळशी. राजीव गांधी इन्फोटेक पार्क ज्या गावांच्या जमिनीवर उभं आहे, ती हिंजवडी आणि माण ही दोन्ही गावं मुळशी तालुक्यातली. तहसील कचेरी पौडला. म्हणजे गंमत बघा, आपण रोज मुळशीत कामाला जातो आणि वर्षातून एकदा ‘मुळशीला ऑफसाइट’ म्हणून एसी बसमध्ये बसून पुन्हा मुळशीतच जातो. माण-घोटावडे रस्ता धरला तर पुणं मधे लागतही नाही.

ऑफसाइटचा मेल तुम्हालाही येतच असेल. ‘फन, फूड अँड फेलोशिप’ असं काहीतरी सब्जेक्टमध्ये, खाली टी-शर्टची साइज कळवा, व्हेज की नॉनव्हेज कळवा, आणि सर्वांत खाली बारीक अक्षरांत ‘उपस्थिती अपेक्षित’. आमच्या मेलमध्ये त्या वर्षी एक नवीन आयटम होता. ड्रम सर्कल.

त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. दोन प्रोजेक्ट एकत्र करून आमची बावीस जणांची टीम बनवली होती. अकरा ‘आम्ही’, अकरा ‘ते’. एकाच लिफ्टमधून जायचो, एकाच कॅन्टीनमध्ये पोहे खायचो, पण टेबलं वेगळी. व्हॉट्सअॅप ग्रुप तीन होते. एक ऑफिशियल आणि दोन खरे. एका रिलीजच्या वेळी त्यांच्याकडच्या एकाला एक बदल राहून गेल्याचं संध्याकाळीच लक्षात आलं होतं. त्याने सांगितलं नाही. आमच्याकडच्या एकाला शंका आली होती. त्यानेही विचारलं नाही. ‘त्यांचं ते बघतील.’ तीन तास क्लायंटचं पेमेंट बंद. दोघांनाही प्रोजेक्टमधून काढलं आणि बेंचवर बसवलं. त्यातला एक माझा चांगला मित्र. आमच्या धंद्यात बेंच म्हणजे काय, ते सांगायला नको.

तर उपाय काय? जेंबे!

गोल बसा, जोरात वाजवा

जेंबे हा पश्चिम आफ्रिकेतला ढोल. चषकासारखा आकार, वर बकऱ्याचं कातडं, दोन्ही हातांच्या पंजांनी वाजवायचा. माली, गिनी या भागांत त्याच्यामागे गुरू-शिष्य परंपरा आहे, लग्नाचे वेगळे ठेके, पेरणीचे वेगळे. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी मंडळींनी बागांमध्ये गोल करून ढोल बडवायला सुरुवात केली. पुढे कॅलिफोर्नियातल्या आर्थर हल यांच्यासारख्या माणसांनी त्याला शिस्त दिली आणि ‘फॅसिलिटेटर’ नावाची जमात तयार केली. नव्वदच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत कंपन्यांसाठी ड्रमिंगचे कार्यक्रम सुरू झाले आणि तिथून ही टूम जगभरच्या कॉन्फरन्स हॉलमध्ये पोचली.

कंपन्यांना संगीताचा नाद हा काही आजचा नाही म्हणा. आयबीएमने विसाच्या-तिसाच्या दशकांत कर्मचाऱ्यांसाठी गाण्यांची पुस्तकं छापली होती. त्यात साहेबांची स्तुती करणारी गाणी होती आणि माणसं ती सभेत उभी राहून गात होती. जपानी कंपन्यांची आपापली कंपनीगीतं असतात. त्या मानाने जेंबे बराच सुसह्य! निदान शब्द तरी नाहीत.

आमचं ड्रम सर्कल सही झालं, खोटं कशाला बोलू. मुळशी तलावाकाठची हिरवळ, संध्याकाळची वेळ, गोलात बावीस खुर्च्या. फॅसिलिटेटर मुलगा एकदम एनर्जेटिक. हात वर केला की जोरात, खाली केला की हळू, मूठ केली की बंद. आमच्या डिलिव्हरी मॅनेजरने टाय काढून कपाळाला बांधला. सगळ्यांनी व्हिडिओ काढले. पंचेचाळीस मिनिटांत हाताचे तळवे लाल आणि चेहरे त्याहून लाल. मग बार्बेक्यू, मग अंताक्षरी, मग बस.

सोमवारी टेबलं पुन्हा वेगळी.

त्या संध्याकाळची एक गोष्ट मात्र डोक्यात राहिली. आम्ही वाजवत होतो तेव्हा आमच्या बसचे ड्रायव्हरकाका पार्किंगच्या कठड्यावर बसून मांडीवर बोटं वाजवत होते. परतताना मी पुढच्या सीटवर होते, म्हणून विचारलं, ‘काका, कसं वाटलं?’ आधी ते नुसते हसले. मग पिरंगुट मागे गेल्यावर म्हणाले, ‘मॅडम, वाजवत सगळेच होते. पण त्या पोराच्या हाताकडं बघून. शेजारचा काय वाजवतोय ते कुणी ऐकत होतं का?’

काका कोळवण खोऱ्यातले. गावच्या ढोल पथकात वाजवतात. त्यांचे वडीलही वाजवायचे.

लॅबमधला ठेका

पुढे जायच्या आधी थोडं शास्त्र, कारण ‘संगीताने माणसं जवळ येतात’ हे वाक्य कॅलेंडरवर छापण्याइतकं गोड आहे आणि अशा वाक्यांचा मला संशय येतो.

विल्यम मॅकनील हे अमेरिकन इतिहासकार १९४१ मध्ये टेक्सासच्या लष्करी छावणीत भरती झाले होते. शस्त्रं पुरेशी नव्हती, म्हणून दिवसभर नुसती कवायत. निरर्थक काम, पण एका तालात तासन्‌तास पाय टाकताना आपण मोठे झाल्यासारखं, सगळ्यांत मिसळून गेल्यासारखं वाटायचं, हे त्यांच्या मनात रुतून बसलं. अर्ध्या शतकानंतर, १९९५ मध्ये, त्यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ‘कीपिंग टुगेदर इन टाइम’. नाच, कवायत, सामूहिक गाणं यांनी माणसांच्या टोळ्या कशा बांधल्या, याचा तो इतिहास आहे.

मग २००९ मध्ये स्टॅनफर्डच्या स्कॉट विल्टरमथ आणि चिप हीथ यांनी हेच लॅबमध्ये तपासलं. काही विद्यार्थ्यांना पावलाला पाऊल जुळवून चालायला लावलं, काहींना आपापल्या चालीने. दुसऱ्या प्रयोगात हेडफोनवर गाणं लावून एका तालात गायला आणि प्लॅस्टिकचे कप हलवायला सांगितलं, तर काहींना मुद्दाम वेगवेगळ्या लयीची गाणी दिली. नंतर सगळ्यांना पैशाचे खेळ खेळायला दिले. तालात राहिलेले गट एकमेकांशी जास्त सहकार्य करत होते, अगदी स्वतःचं नुकसान होण्याची शक्यता असली तरी. आणि माझ्या मते सगळ्यांत इंटरेस्टिंग भाग हा, की त्यासाठी त्यांना मजा यावी लागली नाही. म्हणजे ‘फन’चा काही संबंध नव्हता, ताल पुरेसा होता. एचआरवाल्यांनी हे फ्रेम करून लावावं.

अर्थात त्याच विल्टरमथने २०१२ मध्ये नाण्याची दुसरी बाजूही दाखवली. म्होरक्याबरोबर तालात चाललेली माणसं त्याने सांगितल्यावर जिवंत किडे ‘मारायच्या यंत्रा’त टाकायलाही जास्त तयार होतात! (यंत्र खोटं होतं, किडे सुखरूप.) हे मात्र एचआरवाल्यांनी फ्रेम करू नये.

तिसरा अभ्यास २०१५ चा, ऑक्सफर्डच्या आयलुनेड पिअर्स, जॅक लॉने आणि रॉबिन डनबार यांचा. इंग्लंडमध्ये प्रौढांसाठी चालणाऱ्या वर्गांत सात महिने माणसांकडे लक्ष ठेवलं. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. गाणाऱ्यांची आपसात पटकन गट्टी जमली. बाकीचे मागे पडले. पण सात महिन्यांच्या शेवटी? सगळे सारखेच जवळ आले होते. म्हणजे गाण्याने बर्फ लवकर फुटतो. पण सात महिने दर आठवड्याला भेटलात तर विणकाम करूनही दोस्ती होते.

आमच्या ड्रम सर्कलला पंचेचाळीस मिनिटं मिळाली होती.

दोरी धरा, मग ढोल

आता पथक. पुण्यात राहता म्हणजे हे सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या मंडळींसाठी थोडक्यात. विसर्जन मिरवणुकीत पूर्वी ढोल वाजवायला यायचे ते प्रामुख्याने मुळशी, मावळ, वेल्हे, भोर इकडच्या गावांतले शेतकरी. ज्ञानप्रबोधिनीने शाळेतल्या मुलामुलींच्या हातात ढोल दिला. रमणबाग, विमलाबाई गरवारे अशा शाळांची पथकं गाजली. तिथून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे आपापली पथकं काढली. शिवगर्जना, नादब्रह्म ही नावं तुम्ही ऐकली असतील. मराठी सिनेमा-नाटकातल्या कलाकारांचं ‘कलावंत’ही आहे. गावचा ढोल शहरात आला, पांढरा झब्बा घातला आणि इन्स्टाग्रामवर गेला.

आमच्या टीममधून सहा जण एका पथकात गेलो. कुणी ठरवून नाही. ‘त्यांच्या’तली एक टेस्टर आधीपासून ताशा वाजवायची आणि हे आम्हाला दीड वर्ष माहीतच नव्हतं! ड्रम सर्कलच्या व्हिडिओखाली तिने एक हसणारी इमोजी टाकली होती. त्यावरून विषय निघाला, आणि जुलैत आम्ही सहा जण म्हात्रे पुलाजवळ नदीपात्रात चिखलात उभे होतो. तीन ‘आम्ही’, तीन ‘ते’. त्यात आमचा डिलिव्हरी मॅनेजरही होता.

पहिला धक्का म्हणजे ढोल मिळतच नाही. पहिले काही दिवस ढोल गाडीतून उतरवायचे, दोऱ्या ओढून ताणायचे, पाण्याच्या बाटल्या फिरवायच्या, आणि ज्याला पथकात ‘दोरीवर उभं राहणं’ म्हणतात ते करायचं. म्हणजे वाजवणाऱ्यांभोवती दोरीचं कडं धरून गर्दीला थोपवायचं. मिरवणुकीत तासन्‌तास दोरी धरणारे कुणाच्याही फोटोत नसतात. ते नसतील तर मात्र पथक दहा पावलं पुढे जाऊ शकत नाही. आमच्या मॅनेजरने तीन आठवडे दोरी धरली. त्याला हुकूम सोडणारी ताशेवाली एकोणीस वर्षांची, फर्ग्युसनची. ‘दादा, गप्पा नंतर. दोरी ढिली पडतेय.’ ऑफिसात त्याच्याशी असं बोलायची कुणाची टाप नाही. इथे तो निमूटपणे दोरी ताणत होता.

मग ढोल कमरेला. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताच्या तळव्याची थाप. टोलचा ठणठणाट लय धरून ठेवतो, झांजा ती भरून काढतात आणि ठेका कधी बदलायचा ते ताशा सांगतो. इथे कुणी मधे उभं राहून हात वर-खाली करत नाही. मागच्या रांगेतल्याला पुढचा ताशेवाला दिसतही नाही, त्यामुळे कान हाच आधार. शेजाऱ्याचं टिपरू आणि आपलं टिपरू यांच्यात केसाइतकी फट पडली तरी ती ऐकू येते. आणि पथकात पहिल्याच दिवशी शिकवतात ती गोष्ट म्हणजे, हात चुकला की थांबायचं. रेटून वाजवायचं नाही, कारण तुझ्या चुकीवर शेजारचा चुकणार आणि पाच सेकंदांत अख्खी रांग फुटणार. हात वर घे, ऐक, ठेका परत पहिल्यावर आला की आत ये. कुणी काही बोलत नाही. सगळ्यांचा हात कधी ना कधी चुकतो.

ऑफिसात आपण नेमकं उलटं करतो. चुकलं की आणखी जोरात वाजवतो.

सरावाचं गणित हिंजवडीकरांसाठी भयंकर आहे. सात वाजता नदीपात्रात पोचायचं तर सव्वापाचला निघावं लागतं, फेज थ्रीमधून असाल तर त्याच्याही आधी. रात्री दहाला वाद्यं बंद म्हणजे बंद, ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रच बंद, मग सराव कुठल्या तरी मैदानात नाहीतर रद्द. कातडी पान पावसाने सैल पडतं, त्यामुळे आता बरीच पथकं फायबरचं पान वापरतात. जुन्या लोकांना तो आवाज आवडत नाही. मलाही नाही, पण ऑगस्टमध्ये कातडी ढोल सांभाळणं म्हणजे तान्हं बाळ सांभाळणं.

मुळशीत, पण रिसॉर्टवर नाही

पुढच्या चैत्रात ड्रायव्हरकाकांनी गावच्या यात्रेला बोलावलं. आम्ही सहाही जण गेलो. पौडच्या पुढे डावी-उजवीकडे भातखाचरं, त्या दिवसांत कोरडी. आंबेमोहोर तांदूळ इकडचा. मुळशी आंबेमोहोरला २०१६ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. देवळापुढच्या मोकळ्या जागेत गावचं पथक उभं होतं. वीस-पंचवीस माणसं, गणवेश वगैरे काही नाही, कुणी पायजम्यात, कुणी जीन्समध्ये. एकाला मी ओळखलं. आमच्याच पार्कच्या गेटवर सिक्युरिटीला असतो आणि रोज माझं आयकार्ड बघतो. मागे फिरून त्याने ढोल असा काही घुमवला की आमचा मॅनेजर तोंड उघडं टाकून बघत राहिला.

तंत्र म्हणाल तर आमच्या शहरी पथकाइतकं घोटीव नव्हतं. लय मधेच चढायची. पण ती चढायची तेव्हा सगळ्यांची एकदम चढायची, कुणी खूण न करता. टोलवर सत्तरीचे एक आजोबा होते. त्यांनी फक्त मान जरा तिरकी केली आणि ठेका बदलला.

जेवताना मी काकांना विचारलं की सराव किती दिवस करता. ते म्हणाले, यात्रेआधी आठ-दहा दिवस. एवढंच? मग त्यांनी भातलावणीचं सांगितलं. इथे अजूनही काही घरं सावड करतात. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात लावणी करायची, उद्या माझ्या. पैसे नाहीत, हिशोब डोक्यात. ‘आषाढात ज्याच्याबरोबर दिवसभर वाकून चिखलात असतो, त्याच्याबरोबर वाजवायला वेगळा सराव कशाला लागतो?’

म्हणजे आमच्या एचआरचा क्रम इथे उलटा होता. वाजवल्यामुळे टीम झाली नव्हती. टीम होतीच, म्हणून ती वाजवत होती. मात्र ऑक्सफर्डवाल्यांचा अभ्यास आठवून मला वाटतं, दोन्ही टोकांकडून रस्ता असावा. ज्यांच्याकडे चिखल नाही, त्यांनी ठेक्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. फक्त तो पंचेचाळीस मिनिटांत संपता कामा नये.

आणि जाता जाता, तो तलाव, ज्याच्या काठी आपण बार्बेक्यू करतो, तो टाटांच्या वीज प्रकल्पासाठी बांधलेल्या धरणाचा. त्यात मुळशी खोऱ्यातली गावं बुडाली. १९२१ मध्ये इथल्या मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याच्या पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. धरण झालंच. पण रिसॉर्टच्या माहितीपत्रकात ‘शांत, निळं पाणी’ वाचताना हे आठवायला काय हरकत आहे?

‘माझा हात चुकलाय’

त्या वर्षी विसर्जनाला आम्ही लक्ष्मी रोडवर वाजवलं. टाचा गेल्या, बोटांवर पट्ट्या, दोन दिवस कानात शिट्टी. त्याचं वर्णन करत नाही, त्याचे रील्स भरपूर आहेत. मला सांगायचंय ते नोव्हेंबरमधलं.

शुक्रवार रात्रीचा रिलीज. कॉलवर चौदा जण. साडेअकराच्या सुमाराला ‘त्यांच्या’तला एक जण, आमच्याबरोबर ढोल वाजवणारा, एकदम म्हणाला, ‘एक मिनिट थांबा. माझा हात चुकलाय.’ कॉलवर अर्ध्या लोकांना काही कळेना. आम्हा सहा जणांना नेमकं कळलं. मॅनेजरने विचारलं नाही की कसा चुकला, का चुकला, कुणी चेक केलं होतं. तो म्हणाला, ‘ओके. सगळे थांबा. परत पहिल्यापासून.’ चाळीस मिनिटं उशीर झाला. पेमेंट बंद पडलं नाही. कुणी बेंचवर गेलं नाही.

आता हे ढोलामुळे झालं का? मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. चार महिने आठवड्यातून तीन संध्याकाळी एकत्र घाम गाळला, एका डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाल्ली, रात्री दहानंतर एकमेकांना घरी सोडलं, त्यामुळेही झालं असेल. पण ‘हात चुकलाय’ हे वाक्य पथकातून आलं, हे नक्की. आता तर ते ढोल न वाजवणारेही वापरतात.

याचा अर्थ कंपनीने उद्या सगळ्यांना पथकात घालावं असा मुळीच नाही. आमच्या बावीसपैकी सोळा जण आले नाहीत आणि त्यांची कारणं चोख होती. एकीचं बाळ नऊ महिन्यांचं. एकाची पाठ. एकाला आवाज सोसत नाही. एकजण स्पष्ट म्हणाला की भगवा ध्वज, गणपती हे माझं नाही, मी वाजवणार नाही. त्याचं बरोबरच होतं. पथक हे गणेशोत्सवातून आलंय, ते नाक्यावरच्या जिमसारखं न्यूट्रल नाही. ऑफिसच्या पैशाने आणि ऑफिसच्या दबावाने ते झालं तर त्याची कवायत होईल, आणि मग किड्यांचा प्रयोग आठवावा. आमच्याकडे नंतर चार जणांनी बुधवारी लंच अवरमध्ये कॅन्टीनमागे कॅरम सुरू केला. तिथेही टेबलं मिसळली. वारीत आळंदीहून पुण्यापर्यंत चालणारी आयटी दिंडी आहे, टाळ घेऊन तिच्यात जाणारेही आमच्यात दोघे आहेत.

आणि आवाजाचं काय? हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेचा ठोकताळा असा, की ८५ डेसिबलमध्ये आठ तास ठीक. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं! लक्ष्मी रोडवर सीओईपीची मंडळी दरवर्षी विसर्जनाला आवाज मोजतात आणि आकडे शंभरीच्या आसपास फिरतात. तिथे आम्ही कितीतरी तास असतो. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच वादक असावेत अशी मर्यादा घातली, सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पुण्यात जल्लोष झाला. मीही केला, पण इअरप्लग घालून. सदाशिव पेठेत राहणाऱ्या माझ्या मावशीचं याबाबतचं मत इथे छापण्यासारखं नाही.

तीच रांग

शेवटी डिसेंबर आला. आमच्याकडे ‘री-स्ट्रक्चरिंग’ झालं. बावीसची टीम चौदाची झाली. यादीवर सही आमच्या मॅनेजरची. यादीत पथकातले दोघे. त्यातला एक तोच, ज्याने कॉल थांबवला होता.

म्हणजे ढोलाने नोकरी वाचत नाही. हे एचआरच्या ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत, म्हणून इथे लिहिते.

जानेवारीत पथकाचं एक वादन होतं. मला वाटलं होतं, दोघांपैकी एक जण येणार नाही. दोघेही आले. उंचीप्रमाणे रांग लागते, त्यामुळे शेजारी-शेजारी उभे राहिले. कुणी कुणाशी बोललं नाही. ढोल कमरेला बांधताना मागची गाठ स्वतःला मारता येत नाही, ती शेजाऱ्याने मारायची असते. मॅनेजर वळला, पाठ करून उभा राहिला. दुसऱ्याने दोन सेकंद घेतले आणि गाठ मारली. घट्ट मारली. मग स्वतः वळला. दीड तास वाजवलं, नंतर नळ स्टॉपला चहा प्यायला सगळे गेलो, तिथेही ते दोघे लांब-लांबच बसले. मार्चमध्ये मॅनेजरने एका ओळखीच्या कंपनीत त्याचा सीव्ही दिला. ते काम झालं नाही. त्याने दुसरीकडे स्वतःच मिळवलं, बाणेरला. आता तो सरावाला आमच्या आधी पोचतो, हिंजवडीचा ट्रॅफिक नाही ना!

नव्या टीमला यंदा पुन्हा ऑफसाइट आहे. पुन्हा मुळशी, पुन्हा रिसॉर्ट. मी एचआरला सुचवलंय की फॅसिलिटेटरच्या ऐवजी ड्रायव्हरकाकांच्या गावचं पथक बोलवा, त्यांना मानधन द्या, जेवण आपल्याच पंगतीत द्या, आणि आम्हाला नुसतं ऐकू द्या. शहरातली पथकं वाढली तशी गावच्या पथकांची मिरवणुकीतली जागा आकसली, असं काका म्हणतात. निदान मुळशीतल्या रिसॉर्टवर तरी मुळशीचा ढोल वाजावा. उत्तर अजून आलेलं नाही. ‘लूपमध्ये ठेवतो’ म्हणालेत.

तुम्हाला जायचं असेल तर बहुतेक पथकांची नोंदणी गणपतीच्या दोन-अडीच महिने आधी सुरू होते. आधी दोन-तीन ठिकाणचा सराव नुसता बघून या. दहाला थांबतात का, मुलींना ताशावर घेतात का, नवख्यांवर ओरडतात का, ते बघा. इअरप्लग औषधाच्या दुकानात मिळतात, लाजू नका. जुने बूट घाला, नदीपात्रात चिखल असतो. आणि डाव्या हाताची नखं कापून जा.